परवान्याची परीक्षा : तीनशे प्रश्न आणि एक रुग्ण

मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील कटंगी हे तहसिलीचे गाव महाराष्ट्राच्या अगदी उंबरठ्यावर आहे. पलीकडे भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुका, मध्ये बावनथडी नदी आणि तिच्यावरचे, दोन्ही राज्यांनी मिळून बांधलेले राजीव सागर धरण. भोवताली धानाची शेती. तिरोडीकडे मँगनीजच्या खाणी. लोकांच्या तोंडी पोवारी, मराठी, हिंदी आणि काही वस्त्यांत गोंडी. आजार बळावला की येथील माणूस बालाघाट, गोंदिया किंवा थेट नागपूरची वाट धरतो. तत्पूर्वी मात्र त्याची गाठ पडते ती गावातल्या वा तहसिलीच्या डॉक्टरशी. हा ताप साधा की मलेरियाचा, ही छातीतली कळ पित्ताची की हृदयाची, या बाळंतिणीला आता लगेच पुढे पाठवावे की थांबावे, हा पहिला निर्णय तोच घेतो. तो निर्णय चुकला तर नागपूरचे मोठे रुग्णालय कितीही सुसज्ज असले तरी त्याचा उपयोग उरत नाही.

अशा डॉक्टरच्या दवाखान्यात भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र लावलेले असते. समाजाने त्याला दिलेला तो परवाना होय. हा परवाना कोणत्या कसोटीवर दिला जातो आणि ती कसोटी भावी डॉक्टरची पात्रता खरोखर मोजते का, हा प्रश्न भारतात गेली दोन दशके सतत वादात आहे. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्यांच्या छाननी परीक्षेमुळे तो प्रथम ऐरणीवर आला, आणि ‘नेक्स्ट’ या प्रस्तावित राष्ट्रीय परीक्षेमुळे तो आता देशातल्या प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याचा झाला आहे.

परवाना आला कोठून

परवाना आणि पदवी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पदवी विद्यापीठ देते, परवाना राज्यसत्तेच्या वतीने वैद्यक परिषद देते. मुंबई इलाख्यात १९१२ च्या वैद्यकीय कायद्याने डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. कटंगी ज्या मध्य प्रांतात होते तेथे तसा कायदा १९१६ मध्ये आला. बालाघाट जिल्हा तेव्हा नागपूर विभागात मोडत असे आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत कटंगीकरांची राजधानी नागपूरच होती. त्या नागपुरात १९१४ मध्ये रॉबर्टसन मेडिकल स्कूल स्थापन झाले. येथून बाहेर पडणारे डॉक्टर पदवीधर नसत. ते ‘एलएमपी’, म्हणजे परवानाधारक वैद्यक असत. अभ्यासक्रम पदवीपेक्षा आखूड आणि खर्चाने हलका, पण तालुक्याच्या आणि खेड्याच्या ठिकाणी आधुनिक औषधोपचार पोहोचवला तो मुख्यतः याच मंडळींनी.

सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातील नोंदणीकृत डॉक्टरांची संख्या ४७,५२४ होती. त्यांपैकी २९,८७० जण परवानाधारक आणि १७,६५४ जण पदवीधर होते. सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर असे ते प्रमाण पडे. तरीही समितीने शिफारस केली ती परवानाधारकांचा वर्ग बंद करून एकाच दर्जाचा ‘मूलभूत डॉक्टर’ घडवण्याची. समितीच्या सहा सदस्यांनी या मुद्द्यावर भिन्नमत नोंदवले होते, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. त्यांचे म्हणणे सरळ होते : डॉक्टरांचा एवढा दुष्काळ असताना निम्म्याहून अधिक डॉक्टर घडवणारा मार्ग बंद करू नये. तो बंद झाला. नागपूरच्या शाळेचे १९४७ मध्ये महाविद्यालय झाले आणि दर्जा उंचावला, यात शंका नाही. पण पुढे अशा महाविद्यालयांतून बाहेर पडलेला पदवीधर कटंगीसारख्या गावी किती वेळा पोहोचला, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

गोव्याला हा वाद त्याहूनही जुना आहे. पणजीची ‘एस्कोला मेडिको-सिरुर्जिका’ १८४२ ची. आजच्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची ती पूर्वज. तेथून शिकलेले गोमंतकीय डॉक्टर गोव्यात आणि अंगोला, मोझांबिकसारख्या पोर्तुगीज वसाहतींत सेवा करत; तेथील आरोग्यव्यवस्थेचा मोठा भार त्यांनीच वाहिला. मात्र खुद्द पोर्तुगालात बरोबरीने वैद्यकी करायची तर त्यांना तेथील संस्थांत पुन्हा शिकून परीक्षा द्याव्या लागत. मोझांबिकच्या रुग्णासाठी पुरेसा ठरणारा डॉक्टर लिस्बनच्या रुग्णासाठी अपुरा ठरे. परीक्षा पात्रता मोजते की दर्जाची उतरंड टिकवते, ही शंका तेव्हापासूनची आहे.

तीनशे प्रश्नांची छाननी

आजच्या घडीला भारतात परवान्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते ती फक्त परदेशातून पदवी घेतलेल्या भारतीयांना. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर रशिया व आसपासच्या देशांतून शिकून परतणाऱ्यांचा प्रश्न न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २००२ च्या निर्णयानंतर छाननी परीक्षा रूढ झाली. ‘एफएमजीई’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये घेते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांत पदव्युत्तर पदवी घेऊन तेथे नोंदणी झालेल्यांना तिच्यातून सूट आहे.

परीक्षेचे स्वरूप पाहण्याजोगे आहे. एका दिवसात दोन भागांत मिळून ३०० बहुपर्यायी प्रश्न. त्यांपैकी १०० प्रश्न पूर्ववैद्यकीय व सहवैद्यकीय विषयांचे : शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन प्रत्येकी १७, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र प्रत्येकी १३, न्यायवैद्यक १०. उरलेले २०० प्रश्न रुग्णोपचाराशी जोडलेल्या विषयांचे. त्यात औषधवैद्यकाचे ३३, शल्यचिकित्सेचे ३२, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे ३०, सामाजिक वैद्यकाचे ३०. बालरोग, नेत्र आणि कान-नाक-घसा यांचे प्रत्येकी १५. मानसोपचार, त्वचारोग, अस्थिरोग, भूल इत्यादींचे पाच-पाच. उत्तीर्ण होण्यासाठी ३०० पैकी १५० गुण हवेत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. किती वेळा परीक्षा द्यावी याला मर्यादा नाही.

या चौकटीचे साधे गणित मांडले तरी तिच्या मर्यादा दिसू लागतात. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. ज्याला ३०० पैकी केवळ १०० प्रश्नांची उत्तरे खात्रीने येतात, त्याने उरलेल्या २०० ठिकाणी डोळे मिटून खूण केली, तर सरासरीने ५० उत्तरे बरोबर निघतात. बेरीज १५०. म्हणजे एकतृतीयांश ज्ञान आणि दैवाची थोडी साथ एवढ्यावर काठावरचा उमेदवार पलीकडे जाऊ शकतो, आणि पुढच्या खेपेला दैव फिरले तर तेवढेच ज्ञान असलेला दुसरा अलीकडेच राहतो. एकूण गुणांचीच अट असल्याने प्रसूतिशास्त्राच्या तीसही प्रश्नांत शून्य मिळवूनही उत्तीर्ण होणे तत्त्वतः शक्य आहे. कटंगीच्या आसपास रात्री प्रसूतीची वेळ आलेल्या बाईला त्या डॉक्टरने शरीररचनेत पैकीच्या पैकी गुण मिळवले होते, याने काय दिलासा मिळणार?

एवढे असूनही निकाल अतिशय कमी लागतो. २०१५ ते २०१८ या काळात ६१,७०८ जणांनी ही परीक्षा दिली. उत्तीर्ण झाले ८,७६४, म्हणजे जेमतेम १४ टक्के. त्या काळात बांगलादेशात शिकलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के, युक्रेनचे १५, रशियाचे सुमारे १३ आणि चीनचे सुमारे १२ टक्के उत्तीर्ण झाले. पुढे प्रमाण थोडे वाढले. जून २०२४ मध्ये परीक्षेला बसलेल्या ३४,६०८ पैकी ७,२३३ जण पार पडले, म्हणजे पाचांतला एक.

या आकड्यांचा अर्थ दोन्ही बाजू आपापल्या परीने लावतात. परीक्षेचे समर्थक म्हणतात, परदेशातील कित्येक संस्थांत रुग्णाला हात लावण्याची संधीच मिळत नाही, रुग्णाशी बोलायला त्या देशाची भाषा येत नाही, मग निकाल असाच लागणार. बांगलादेशाचा अभ्यासक्रम, आजार आणि रुग्ण भारतासारखेच, म्हणून तेथील निकाल उजवा, हे त्यांचे उदाहरण बोलके आहे. विरोधकांचा मुद्दा वेगळा आणि अधिक अडचणीचा आहे. ही परीक्षा भारतात शिकलेल्यांना कधीच द्यावी लागलेली नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या, जबलपूरच्या मध्य प्रदेश आयुर्विज्ञान विद्यापीठाच्या किंवा गोवा विद्यापीठाच्या एमबीबीएस पदवीधरांना उद्या तयारीविना तीच प्रश्नपत्रिका दिली तर किती जण १५० च्या पार जातील, हे सांगणारा मापदंडच नाही. एका तागडीत वजन आहे, दुसरी रिकामी. त्या तराजूवर कोणाला हलका म्हणावे?

हा आक्षेप बिनतोड आहे. मात्र त्यातून परीक्षा रद्द करा असा निष्कर्ष निघत नाही, सर्वांना एकच परीक्षा लावा असा निघतो. ‘नेक्स्ट’चे मूळ येथेच आहे.

ठाऊक असणे आणि करणे

अमेरिकन वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये पात्रतेचा एक चार पायऱ्यांचा मनोरा मांडला. तळाशी ‘ठाऊक असणे’, त्यावर ‘कसे करायचे ते ठाऊक असणे’, त्यावर ‘करून दाखवणे’ आणि शिखरावर ‘प्रत्यक्ष कामात करणे’. बहुपर्यायी प्रश्न तळाच्या दोन पायऱ्या चांगल्या मोजतात. तिसऱ्या पायरीसाठी स्कॉटलंडच्या डंडी येथील रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये ‘ऑस्की’ ही पद्धत मांडली. तीत उमेदवार एकामागून एक स्थानकांवर जातो आणि कोठे नाडी पाहून, कोठे क्ष-किरण चित्र वाचून, कोठे रुग्णाशी बोलून दाखवतो. परीक्षक ठरलेल्या यादीनुसार गुण देतात. चौथी पायरी मात्र परीक्षेच्या खोलीत मोजताच येत नाही.

या चौथ्या पायरीचे भारतातील सर्वांत बोलके मोजमाप ज्या राज्यात कटंगी आहे त्या मध्य प्रदेशातच झाले. जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशाच्या ग्रामीण भागात आणि दिल्लीत प्रशिक्षित ‘बनावट रुग्ण’ दवाखान्यांत पाठवले. कोणी हृदयविकाराच्या कळेची तक्रार घेऊन गेले, कोणी दम्याची, तर कोणी घरी असलेल्या बाळाच्या जुलाबांची. समोरचा रुग्ण शिकवून पाठवलेला आहे हे तपासणाऱ्याला भेटीच्या वेळी ओळखता येत नसे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जे प्रश्न विचारायला हवेत व ज्या तपासण्या करायला हव्यात त्यांपैकी सरासरी एकतृतीयांशच झाल्या. योग्य उपचार मिळाले ते सुमारे तीस टक्के भेटींत. मध्य प्रदेशाच्या खेड्यांत भेटलेल्या उपचारकांपैकी बहुतेकांकडे कोणतीही वैद्यकीय पदवी नव्हती, हे एक दुःख. पदवी असलेल्यांची वागणूक पदवी नसलेल्यांपेक्षा अपेक्षेइतकी उजवी नव्हती, हे दुसरे आणि अधिक बोचणारे.

त्याच मालिकेतील २०१६ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. सरकारी केंद्रात काम करणारा डॉक्टर आपल्या खासगी दवाखान्यात त्याच आजाराच्या रुग्णाला अधिक वेळ देत होता, अधिक प्रश्न विचारत होता आणि अधिक वेळा योग्य उपचार करत होता. माणूस तोच, शिक्षण तेच, परवाना तोच. बदलली होती ती खुर्ची. परवान्याच्या परीक्षेत या डॉक्टरला एकच गुण मिळाला असता. रुग्णाला मात्र दोन वेगळे डॉक्टर भेटले. परीक्षा कितीही नेमकी केली तरी ती ज्ञानच मोजेल. त्या ज्ञानाचा वापर होतो की नाही हे कामाची जागा, देखरेख आणि मोबदला यांवर अवलंबून राहते. परीक्षेकडून सगळ्याची अपेक्षा करणाऱ्यांनी हा अभ्यास आवर्जून वाचावा असा आहे.

शेजारच्या छत्तीसगडची कथा याच सूत्रातली. नव्या राज्याने २००१ मध्ये कायदा करून तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. एलएमपीचाच तो नवा अवतार. डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध, न्यायालयीन वाद आणि नावाचा गोंधळ यांत तो काही वर्षांतच बंद पडला. त्यातून उत्तीर्ण झालेले मात्र ग्रामीण वैद्यकीय साहाय्यक म्हणून प्राथमिक केंद्रांत रुजू झाले. पुढे संशोधकांनी प्राथमिक केंद्रांतील नेहमीच्या आजारांच्या काल्पनिक प्रकरणांवर त्यांची आणि एमबीबीएस डॉक्टरांची पारख केली, तेव्हा दोघे जवळपास तुल्यबळ आढळले. केंद्राच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात ‘सामुदायिक आरोग्य सेवक’ या नावाने मर्यादित परवान्याची तरतूद आहे तिची मुळेही अशा अनुभवांत आहेत. भोर समितीतील त्या सहा जणांचे म्हणणे पंचाहत्तर वर्षांनी मागच्या दाराने परतले, असे म्हणता येईल.

मग परीक्षेचे गुण निरुपयोगी का? तसेही नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांनी परवाना परीक्षेच्या रुग्णोपचार-ज्ञानाच्या टप्प्यात मिळवलेले गुण आणि त्यांच्या हृदयरुग्णांचा मृत्युदर यांची सांगड घालून पाहण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अधिक गुणांच्या डॉक्टरांचे रुग्ण कमी दगावतात असे आढळले. कॅनडात १९९३ ते १९९६ दरम्यान परवान्याची प्रात्यक्षिक परीक्षा दिलेल्या ३,४२४ डॉक्टरांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला गेला. परीक्षेत रुग्णाशी संवाद साधण्यात ज्यांचे गुण कमी होते त्यांच्याविरुद्ध नंतर तक्रारीही अधिक आल्या. म्हणजे चांगली परीक्षा भविष्याबद्दल काही तरी सांगते. पण प्रात्यक्षिक परीक्षा महाग आणि किचकट असते. अमेरिकेने आपला प्रात्यक्षिक टप्पा करोनाकाळात थांबवला आणि २०२१ मध्ये कायमचा बंद केला; कॅनडानेही त्याच वर्षी तसेच केले.

प्रात्यक्षिकात परीक्षकाचा डोळाही आला. ब्रिटनमध्ये कुटुंबवैद्य होण्यासाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत गौरेतर उमेदवार, ब्रिटनमध्येच शिकलेले असूनही, गोऱ्या सहाध्यायींपेक्षा कित्येक पटींनी अधिक नापास होतात हे २०१३ च्या अभ्यासात पुढे आले. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली. २०१४ मध्ये न्यायालयाने परीक्षा कायदेशीर ठरवली. मात्र निकालातील ही दरी दूर करण्यासाठी पावले उचलायला हवीत, हेही न्यायमूर्तींनी बजावले. यंत्राने तपासलेला बहुपर्यायी प्रश्न मर्यादित असतो, पण त्याला उमेदवाराचे आडनाव दिसत नाही, ही त्याची जमेची बाजू या प्रकरणाने अधोरेखित केली.

‘नेक्स्ट’ : लांबलेली परीक्षा

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा ऑगस्ट २०१९ मध्ये संमत झाला. त्याच्या १५ व्या कलमाने अंतिम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी एकच राष्ट्रीय परीक्षा ठरवली. तीच परवान्याची, तीच पदव्युत्तर प्रवेशाची आणि परदेशातून आलेल्यांच्या छाननीचीही. जून २०२३ मध्ये तिचे नियम प्रसिद्ध झाले. पहिल्या टप्प्यात सहा प्रश्नपत्रिका, एकूण ५४० प्रश्न : औषधवैद्यक, शल्यचिकित्सा आणि स्त्रीरोग-प्रसूती यांचे प्रत्येकी १२०, बालरोग, कान-नाक-घसा आणि नेत्र यांचे प्रत्येकी ६०. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत किमान ५० टक्के गुण हवेत. प्रसूतिशास्त्रात शून्य मिळवून पार होण्याची जुनी पळवाट येथे बुजते. नुसत्या पाठांतरापेक्षा रुग्णाच्या प्रश्नाची उकल करणाऱ्या प्रश्नांवर भर आहे. आंतरवासितेनंतर दुसरा टप्पा प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षेचा. त्यात केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण.

कागदावर ही रचना छाननी परीक्षेपेक्षा निश्चित सरस आहे. तिच्यात एक मूळची विसंगती मात्र आहे. परवान्याच्या परीक्षेने विचारायचा प्रश्न असा : हा माणूस एकट्याने रुग्ण तपासण्याइतका सुरक्षित आहे का? तेथे पहिला आणि हजारावा यांत फरक करण्याचे कारण नाही. प्रवेश परीक्षा मात्र जगतेच त्या फरकावर. अस्थिरोगाची एक जागा आणि दहा इच्छुक असतील तर प्रश्न असे काढावे लागतात की दहा जण वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसतील. मग प्रश्न दुर्मीळ आजारांकडे आणि बारीक तपशिलांकडे झुकतात. एकाच कात्रीने केस आणि पत्रा दोन्ही कापायचे ठरवले की धार बोथटते. शिवाय आंतरवासितेच्या आधीच गुणवत्तायादी ठरणार असेल, तर क्रम सुधारण्यासाठी पुन्हा परीक्षेला बसू पाहणारा विद्यार्थी वर्षभर प्रसूतिगृहात आणि अपघात विभागात हात काळे करील, की खोलीत बसून प्रश्नसंच सोडवील? कोटापासून पुण्यापर्यंतच्या शिकवणीवर्गांकडे पाहिले की उत्तराचा अंदाज येतो.

या परीक्षेची सराव चाचणी दिल्लीच्या एम्सकडून २८ जुलै २०२३ रोजी व्हायची होती. विद्यार्थ्यांच्या तीव्र विरोधानंतर पंधरवडाभर आधी ती लांबणीवर टाकली गेली. २०२५ पर्यंत तरी ‘नेक्स्ट’ सुरू झालेली नव्हती. छाननी परीक्षा आहे तशीच चालू आहे, आणि देशातले पदवीधर आपापल्या विद्यापीठाच्या निकालावरच नोंदणी करतात.

दाराशी कोण उभे आहे

परीक्षा कितीही शास्त्रशुद्ध असली तरी तिच्या दाराशी उभा असलेला पहारेकरी फितूर असेल तर सारे व्यर्थ, हे मध्य प्रदेशाइतके कोणाला ठाऊक नसावे. व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या, म्हणजे व्यापमच्या, वैद्यकीय प्रवेश परीक्षांत तोतये बसवून आणि बैठकव्यवस्था जुळवून झालेले गैरव्यवहार २०१३ मध्ये उघडकीस आले. २०१५ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द ठरवले. त्यांतील काहींचे शिक्षण तोवर पूर्ण होत आले होते. या विद्यार्थ्यांना समाजाची सेवा करू देऊन पदवी द्यावी का, यावर न्यायालयातही बराच खल झाला. परवान्याच्या बाबतीत तसाच धक्का डिसेंबर २०२२ मध्ये बसला. छाननी परीक्षा उत्तीर्ण न झालेल्या ७३ परदेशी पदवीधरांची नोंदणी झाल्याच्या संशयावरून सीबीआयने गुन्हा नोंदवला आणि त्यात १४ राज्य वैद्यक परिषदा चौकशीच्या कक्षेत आल्या. पाचांतला एकच उत्तीर्ण होतो अशी कडक परीक्षा घ्यायची आणि नोंदवहीचे दार उघडे ठेवायचे, ही विसंगती प्रश्नपत्रिका सुधारून मिटणारी नाही.

रुग्णाची भाषा

आणखी एक कसोटी अशी आहे की जी कोणत्याही परवाना परीक्षेत नाही. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली आणि हिंदीतून वैद्यकीय शिक्षण देणारे मध्य प्रदेश हे पहिले राज्य ठरले. प्रवेशाची नीट परीक्षा मराठीतूनही देता येते. छाननी परीक्षा मात्र केवळ इंग्रजीत. हिंदीतून शरीररचना शिकलेल्या विद्यार्थ्याला पुढे राष्ट्रीय परीक्षा इंग्रजीतूनच द्यावी लागली, तर त्याचे कमी गुण वैद्यकीय ज्ञान मोजतील की इंग्रजीचे, हा प्रश्न नव्या व्यवस्थेला सोडवावा लागेल.

त्याहून महत्त्वाची आहे ती उलट दिशा. इंग्रजीत सर्व प्रश्न अचूक सोडवणाऱ्या डॉक्टरला कटंगीच्या बाजारात आलेल्या गोंड म्हातारीची तक्रार समजेल का? ‘अंग मोडून येते’ आणि ‘हाडे ठणकतात’ यांतला फरक पकडणे सिकलसेल असलेल्या घरात महत्त्वाचे ठरते. बालाघाट-गोंदियाच्या पट्ट्यात हा आनुवंशिक आजार आहे, आणि त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथूनच सुरू झाली. खाणीत काम करणाऱ्या माणसाला खोकला आला तर आधी ‘काय काम करता, किती वर्षे’ हे विचारायचे असते. हा प्रश्न पाठ्यपुस्तकात आहे. तो रुग्णाच्या बोलीत आणि त्याच्या घाईत विचारणे पुस्तकात नाही. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात स्थानिक भाषा, संवाद आणि वर्तन यांना प्रथमच जागा मिळाली. पण जे परीक्षेत नाही ते वर्गात मागे पडते, हा शिक्षणाचा जुना अनुभव आहे.

बांबोळीत शिकणाऱ्याला कोकणी-मराठीत, नाशिक किंवा नागपूरला शिकणाऱ्याला मराठीत आणि जबलपूरला शिकणाऱ्याला हिंदीत रुग्णाची हकिकत घ्यावी लागते. ‘नेक्स्ट’च्या दुसऱ्या टप्प्यातील प्रात्यक्षिक स्थानकांवर अशी स्थानिक भाषेतली हकिकत गुणांसाठी ठेवता येईल, कारण तो टप्पा राज्यांच्या आरोग्य विद्यापीठांमार्फत घ्यायचा आहे. छाननी परीक्षेतील परदेशी पदवीधरालाही त्याच स्थानकांवरून जावे लागले, तर रिकाम्या तागडीचा जुना आक्षेपही बऱ्याच अंशी निकाली निघेल. नियमांत मात्र ही स्थानके कोणत्या भाषेत असतील याचा उल्लेख केवळ मोघम आला तर बहुतेक ठिकाणी परीक्षकाच्या सोयीची भाषाच चालेल. तोवर तुमसर आणि कटंगीच्या मधल्या पट्ट्यातील रुग्ण भिंतीवरचे प्रमाणपत्र वाचत नाही. आधी कोण बरा झाला, कोणाला वेळेत पुढे पाठवले, हे शेजाऱ्याला विचारून दवाखाना निवडतो.